खाड्यांनी राखलेला रस्ता



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, अर्थकारण, अध्यात्म अशा भारदस्त विषयांची पंगत बसते. त्या पंगतीत सायकलीचा विषय घेऊन येणे म्हणजे श्रीखंडपुरीच्या पानात भाकरी वाढण्यासारखे आहे. पण भाकरीवर वाढलेली माणसेच जगात अधिक, आणि ती कोणाला बाधत नाही, एवढ्या आधारावर आम्ही हा विषय आपल्यापुढे ठेवीत आहोत. विषय असा : कोकणच्या किनाऱ्यावर मोटारींच्या वर्दळीपासून मोकळे असे सायकलीचे रस्ते कोणते, ते मोकळे का राहिले, आणि ते पुढेही मोकळे राहावेत अशी इच्छा असेल तर आपण काय करावयास हवे.

प्रथम शब्दाचा अर्थ ठरवून घेऊ. मोटारीला मज्जाव आहे असा लांबचा डांबरी रस्ता कोकणात नाही. तेव्हा 'वाहनमुक्त' हा शब्द आम्ही कायद्याच्या अर्थाने वापरीत नाही. आमची कसोटी घरगुती आहे. ज्या रस्त्यावर दहा वर्षांच्या मुलीला एकटीला सायकल घेऊन शेजारच्या गावी धाडताना आईच्या पोटात गोळा येत नाही, तो रस्ता आम्ही मोकळा समजतो. अशा रस्त्यावर एस. टी. येते, आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो येतो, वाडीतली एखादी मोटारसायकल येते. पण ह्या साऱ्यांना त्याच गावांत काम असते. ज्यांना त्या गावाशी काही कर्तव्य नाही, केवळ त्याला ओलांडून दूर कोठे तरी जावयाचे आहे, अशी आरपार वाहतूक तेथे नसते. सायकलस्वाराचा खरा वैरी मोटार नव्हे, आरपार जाणारी मोटार होय. गावात राहणारा मोटारवाला वळणावर हॉर्न देतो, कारण पलीकडून आपलेच कोणी येत असेल हे त्याला ठाऊक असते. आरपार जाणाऱ्याला फक्त पोचण्याची वेळ ठाऊक असते.

आता असा रस्ता कोकणच्या किनाऱ्यावर राहिला कसा? कोणी ठरवून राखला म्हणून नव्हे. तो भूगोलाने राखला.

कोकणचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र आणि मधली पट्टी अरुंद. सह्याद्रीवर पडणारे पाणी आखूड, वेगवान नद्यांनी पश्चिमेकडे धावते आणि समुद्राला मिळण्यापूर्वी प्रत्येक नदीची खाडी होते. उत्तरेकडून मोजू लागलो तर धरमतरची खाडी, कुंडलिकेची रेवदंड्याची खाडी, राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची खाडी, शास्त्रीची जयगडची खाडी, काजळीची भाट्याची खाडी, मुचकुंदीची पूर्णगडची खाडी, अर्जुनेची जैतापूरची खाडी, अशी ही मालिका थेट तेरेखोलपर्यंत जाते. किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालेल्या माणसाला दर दिवसाआड पाणी आडवे येते.

पूर्वी ह्याची अडचण कोणाला वाटत नसे, कारण उत्तर-दक्षिण जावयाचे ते समुद्रातून जावयाचे असा रिवाज होता. समुद्र हाच हमरस्ता होता, आणि जमिनीवरची वाट बंदरापासून घाटाकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे जात असे. पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी अफनासी निकितिन चौलला उतरला आणि तेथून सह्याद्री चढून जुन्नरला गेला. परत जाताना दाभोळहून जहाजात बसला. चौलहून किनाऱ्याकिनाऱ्याने दाभोळला जाण्याचे त्याला कारणच नव्हते. पुढे आगबोटी आल्या तरी तोच क्रम टिकला. बंदराबंदराला बोट लागे, पावसाळ्यात ती बंद होई, आणि बोट बंद झाली की किनारा आपल्यापुरता मिटून बसे.

मोटारी आल्या तेव्हा उत्तर-दक्षिण रस्ता बांधणे भाग पडले. तो कोठून न्यावा? जेथे नदी अरुंद तेथून. म्हणून पूर्वी १७ क्रमांकाने आणि आता ६६ क्रमांकाने ओळखला जाणारा मुंबई-गोवा महामार्ग समुद्रापासून आत, डोंगराच्या पायथ्याच्या बाजूने गेला. महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना. महामार्गाची ही गावे पाहा. बहुतेक ठिकाणी खाडी संपून नदी सुरू होते त्याच्या आसपास हा रस्ता पाणी ओलांडतो. १९९८ मध्ये पुरी झालेली कोकण रेल्वेही बरीचशी त्याच अंगाने गेली. आरपार वाहतूक सगळी आत गेली आणि किनाऱ्यावर उरले ते गावागावांना जोडणारे आखूड रस्ते. प्रत्येक रस्ता खाडीपाशी येऊन थांबणारा. मोटारीच्या दृष्टीने ती फाटकी दोरी होती. सायकलीच्या दृष्टीने तीच मोत्यांची माळ झाली, कारण मधल्या गाठी होडीने बांधता येत होत्या.

ह्या गाठींना कोकणात 'तर' म्हणतात. तरीतून माणसे जात, शेळ्या जात, सायकलही आडवी घालून जाई. मोटार मात्र जात नसे. २००३ पासून दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये मोटारी वाहून नेणारी मोठी सपाट बोट सुरू झाली, आणि पुढे तशाच बोटी इतर खाड्यांवरही आल्या. लोक तिला 'जंगल जेट्टी' म्हणतात. ह्या जंगल जेट्टीने किनाऱ्याचा रस्ता मोटारींना खुला केला हे खरे, पण बेताने. एका फेरीत पंधरावीस मोटारी मावतात. चढणे, ओलांडणे, उतरणे यात बराच वेळ जातो. म्हणजे कितीही गर्दी असली तरी तासाभरात पलीकडे उतरणाऱ्या मोटारी मोजक्याच. ही जंगल जेट्टी म्हणजे रस्त्याला बसवलेली तोटी आहे. तोटीतून जेवढे येईल तेवढेच येणार.

येथे सायकलस्वाराने एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात धरावी. बोटीवरून उतरलेल्या मोटारी एका घोळक्याने पळतात. आपण घाई न करता धक्क्यावरच्या टपरीत एक चहा घ्यावा. दहा मिनिटांत घोळका दूर जातो, आणि पुढची बोट लागेपर्यंत रस्ता आपला असतो.

आता प्रत्यक्ष मार्ग सांगतो. सगळा किनारा सारखाच मोकळा आहे असा कोणाचा समज होऊ नये. अलिबागच्या बाजूला शनिवार-रविवारी सायकल नेऊ नये. मुंबईहून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी मोठी बोट २०२० मध्ये सुरू झाली आणि मुंबई तेथे पाण्यावरून येऊन उतरते. खरा मोकळा रस्ता राजपुरीच्या खाडीपलीकडे सुरू होतो. आगरदांड्याला जंगल जेट्टीत बसून दिघीला उतरावे. दिघीला बंदर असल्याने मालाचे ट्रक भेटतात. पण ते माणगावच्या दिशेने वर जातात आणि आपल्याला दिवेआगरकडे वळावयाचे असते. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि मग बागमांडला. येथे सावित्री ओलांडली की आपण वेश्वीला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात येतो. शेजारी बाणकोटचा हिंमतगड आणि पलीकडे वेळास.

वेळासपासून केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, कोळथरे आणि दाभोळ हा दापोलीच्या किनाऱ्याचा भाग आम्हाला सर्वांत प्रिय आहे. रस्ता कधी नारळीपोफळीच्या वाडीतून जातो, कधी जांभ्याच्या सड्यावर चढून समुद्र दाखवतो. हर्णैला कोळ्यांचा मासळीचा लिलाव चालू असतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. दाभोळला खाडी ओलांडून धोपाव्याला आलो की अंजनवेलच्या वीजकेंद्राच्या आसपास थोडी अवजड वाहतूक लागते. गुहागर मागे टाकल्यावर पालशेत, वेळणेश्वर, हेदवी आणि तवसाळ हा रस्ता पुन्हा शांत. तवसाळहून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड. जयगडलाही बंदर आणि वीजकेंद्र आहे. तेथील ट्रक निवळीकडे, महामार्गाला जातात. आपण त्यांची सोबत शक्य तितक्या लवकर सोडून मालगुंड गाठावे. हे केशवसुतांचे जन्मगाव. त्यापुढे गणपतिपुळे आणि आरेवारेच्या सड्यावरून रत्नागिरी. पुळ्याला सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, म्हणून हा शेवटचा टप्पा आठवड्यातल्या साध्या दिवशी, सकाळी करावा.

रत्नागिरीच्या दक्षिणेला भाटे, पूर्णगड, जैतापूर येथे खाड्यांवर पूल झाले आहेत. रस्ता तेथेही सुंदर आहे. पण खाडी ओलांडण्यास थांबावे लागत नाही म्हटल्यावर मोटारीला तेथे अडवणारे फक्त वळण आणि चढ उरतात. ही गोष्ट आमच्या पुढच्या बोलण्याला उपयोगी पडेल.

चढाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता अशी घाटावरच्या लोकांची कल्पना असते. प्रत्येक खाडी समुद्रसपाटीला आणि दोन खाड्यांमधला सडा शंभर-दीडशे मीटर उंच. तेव्हा दिवसभर उतरणे आणि चढणे हाच उद्योग. थोडे गणित करू. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो वजन धरले आणि ते शंभर मीटर उंच न्यायचे म्हटले, तर सुमारे ८३,००० ज्यूल काम करावे लागते. साधारण प्रकृतीचा माणूस न दमता शंभर वॅटच्या आसपास काम करू शकतो. म्हणजे एका सड्याला किमान चौदा मिनिटे. चढ शंभरात आठ असेल तर अंतर सव्वा किलोमीटर, आणि वेग तासाला साडेपाच किलोमीटरहूनही थोडा कमीच, म्हणजे चालण्याचाच. म्हणून चढावर उतरून सायकल ढकलावी लागली तर त्यात कमीपणा नाही. वेळ तेवढाच लागतो. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर हा हिशेब येथे पुरेसा आहे. मोठ्यात मोठे आणि लहानात लहान असे दोन दाते असलेली सायकल, चांगले ब्रेक आणि दुपारी अकरा ते चार सावलीत बसण्याची तयारी, एवढी सामग्री हवी. खाऱ्या हवेने साखळी गंजते, म्हणून रोज संध्याकाळी तेलाचे दोन थेंब.

चढ नको असेल त्याच्यासाठी कोकणात आणखी एक रस्ता आहे. तो रोज दोनदा तयार होतो आणि दोनदा पुसला जातो. ओहोटीच्या वेळी पुळणीवरची ओली वाळू इतकी घट्ट बसते की तिच्यावर सायकलीचे चाक रुतत नाही. गुहागरची लांबच लांब पुळण, दिवेआगरची पुळण, मुरूड-कर्द्याची पुळण ह्यांवर आरामात सायकल चालवता येते. ओहोटी केव्हा हे कळण्यासाठी कोळ्यांचा एक हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, तेवढे वाजता भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाला. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला. शिवाय त्या दिवसांत उधाण असल्याने पाणी दूरवर मागे हटते. तेव्हा वाळूवर जावयाचे ते पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास, पहाटे. आणि वेळाससारख्या ठिकाणी, जेथे समुद्रकासव अंडी घालायला येते, तेथे वाळूवर कोणतेच चाक नेऊ नये. तो रस्ता आपल्याआधी त्यांचा आहे.

इथवर आनंदाचा भाग झाला. आता अवघड भाग.

आम्ही मघाशी म्हटले की खाड्यांनी हा रस्ता राखला. पण खाडीकाठच्या माणसाला विचारावे की बाबा रे, ही खाडी तुला कशी वाटते? रात्री बाळंतपणाला अडलेली बाई असते आणि तर बंद झालेली असते. दाभोळच्या काठावरून समोर धोपाव्याचे दिवे दिसतात. पण बोट नसेल तर चिपळूणला वळसा घालून शंभर किलोमीटरच्या आसपास जावे लागते. कॉलेजात जाणाऱ्या मुलांचा वेळ, बाजाराला जाणाऱ्या मासळीचा वेळ, हापूसच्या पेटीचा वेळ, सगळा खाडीच्या काठावर बसून जातो. आपण पाहुणे ज्याला शांतता म्हणतो त्याला तेथील माणूस अडचण म्हणतो. आम्हाला सुखाने सायकल चालवता यावी म्हणून तुम्ही पुलाशिवाय राहा, असे त्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. आम्ही तो मागतही नाही.

रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी महामार्ग व्हावा ही कल्पना जुनी आहे. बॅरिस्टर अंतुले १९८० ते १९८२ ह्या काळात मुख्यमंत्री असताना तिने जोर धरला. त्यानंतर काही पूल झाले, काही खाड्या तशाच राहिल्या. गेल्या काही वर्षांत मात्र राज्य रस्ते विकास महामंडळाने उरलेल्या मोठ्या खाड्यांवरचे पूल हाती घेतले आहेत. रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, तवसाळ-जयगड ही नावे त्या यादीत आहेत. म्हणजे ज्या तोट्यांनी रस्ता राखला त्याच एकेक करून उघडणार. मग ज्यांना गोव्याला जावयाचे आहे, त्यांतले अनेक जण आतला महामार्ग सोडून समुद्राच्या कडेने जातील. ते स्वाभाविक आहे. कोण जाणार नाही? पण मग हर्णैची किंवा हेदवीची ती दहा वर्षांची मुलगी सायकलीवर शेजारच्या गावी जाणार नाही. आणि हे नुकसान आपल्या सहलीच्या नुकसानीहून फार मोठे आहे. आपण वर्षातून एकदा जातो. ती रोज जाते.

येथे कोणी म्हणेल, पूल तर सर्वांसाठी असतो, सायकलवालाही त्यावरून जाईल. दुर्दैवाने तसा अनुभव नाही. मुंबईत २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. त्यावरून सायकल नेण्यास मनाई आहे. २०२४ च्या जानेवारीत जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू झाला. तेथेही सायकलीला आणि मोटारसायकलीला मज्जाव. सुरक्षिततेचे कारण दिले जाते, आणि ज्या पुलावर सायकलीला वेगळी वाट नाही तेथे ते खरेही आहे. पण वेगळी वाट का नाही, हा प्रश्न पूल बांधण्यापूर्वी विचारावयाचा असतो. बांधून झाल्यावर तो विचारणे म्हणजे सदरा शिवून झाल्यावर खिसा मागणे. आणि समजा पूल झाला, त्यावर सायकलीला बंदी झाली, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून तरही बंद पडली, तर? आज दाभोळचा जो पोरगा सायकल होडीत घालून पलीकडे जातो, त्याला उद्या जाताच येणार नाही. दोन गावे जोडणारा पूल सायकलवाल्यापुरता ती तोडील.

हे टाळता येते का? येते. जपानमध्ये सेतो नावाच्या समुद्रात ओनोमिची ते इमाबारी ह्या दोन शहरांच्या मध्ये सहा बेटे आहेत. १९९९ मध्ये ही बेटे पुलांच्या मालिकेने जोडून महामार्ग नेला. तो मोटारींचाच महामार्ग आहे, वेगाचाही आहे. पण तेथील लोकांनी पुलांवर पादचाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी निराळी वाट ठेवली. पूल उंच, म्हणून सायकल वर चढण्यासाठी वळणावळणाचे वेगळे रस्ते बांधले आणि त्यांचा चढ शंभरात सुमारे तीन एवढाच ठेवला. बेटांवर उतरले की सायकलवाला महामार्गाने न जाता गावातल्या जुन्या किनारी रस्त्याने जातो, आणि तो चुकू नये म्हणून रस्त्याच्या कडेला निळी रेघ ओढली आहे. एका टोकाला सायकल भाड्याने घ्यावी आणि दुसऱ्या टोकाला परत करावी. हा सुमारे ७० किलोमीटरचा मार्ग करण्यासाठी जगभरातून माणसे येतात आणि बेटांवर लिंबे-संत्री पिकवणाऱ्यांच्या घरी उतरतात. विशेष म्हणजे ओनोमिचीच्या टोकाचा पहिला पूल सायकलीला अरुंद पडतो, म्हणून तेथे लहानशी होडी आजही सायकलस्वारांना पलीकडे नेते. पूल आहे म्हणून होडी नको, असे त्यांनी म्हटले नाही. लिंबांच्या जागी हापूस घातला तर हे चित्र आपल्यापासून फार लांब नाही.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे.

पहिली : खाडीवरच्या प्रत्येक नव्या पुलाला कठड्याने वेगळी केलेली सायकलीची आणि पायी चालणाऱ्याची वाट असावी. एकंदर खर्चाच्या मानाने ही लहान गोष्ट आहे, मात्र ती पायाभरणीच्या आधी ठरावी लागते.

दुसरी : नवा रस्ता जेथे जेथे गावाला वळसा घालून जाईल, तेथे तेथे जुना रस्ता टाकून देऊ नये आणि रुंदही करू नये. तो गावाचा रस्ता म्हणून जपावा आणि त्यावर वेगाची मर्यादा तीस किलोमीटर ठेवावी. वेग दुप्पट झाला की धक्क्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. साठऐवजी तीस म्हणजे जोर एक-चतुर्थांशावर येतो. जुना रस्ता राखण्याचा खर्चही थोडका आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये रस्त्यांच्या झिजेची मोठी चाचणी झाली. तिच्यातून असे निघाले की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, म्हणजे झीज भाराच्या चौथ्या घाताने वाढते. ट्रकच्या आसावर दहा टन आणि सायकलीच्या आसावर पन्नास किलो धरले तर भार दोनशेपट होतो. दोनशेचा चौथा घात १६० कोटी. ट्रकचा एक आस एकदा जाण्याने जेवढी झीज होते तेवढी करावयाला सायकलीचा आस १६० कोटी वेळा जावा लागेल. सायकलींच्या रस्त्याला झिजवील तो फक्त पाऊस. त्यासाठी गटारे साफ ठेवली म्हणजे झाले.

तिसरी : पूल झाल्यावरही निदान काही खाड्यांवर माणसांची आणि सायकलींची लहान तर चालू राहावी. तरीवाल्याचे घर त्यावर चालते. शिवाय पुलाचे टोक पुष्कळदा गावापासून दूर असते. धक्का मात्र बाजारपेठेच्या तोंडाशी असतो.

ह्यात आपला, म्हणजे गावात बसून व्याख्याने ऐकणाऱ्यांचा, संबंध कोठे येतो? दोन ठिकाणी येतो. रस्त्याचा आराखडा लोकांपुढे मांडला जातो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा त्या देणारे बहुधा जमीन जाणारेच असतात. त्यांची हरकत रास्तच असते, पण सायकलीची बाजू मांडणारा तेथे कोणी नसतो. आपण ती लेखी मांडावी. दुसरे असे की सरकारला रिकाम्या रस्त्याची किंमत कळत नाही, वापरलेल्या रस्त्याची कळते. तेव्हा ह्या रस्त्यावर सायकल घेऊन जावे. साध्या दिवशी जावे, तरीने खाडी ओलांडावी, गावात कोणाच्या तरी घरी उतरावे, जेवणाचे पैसे द्यावे, आणि निघताना तेथील पंचायतीत सांगावे की आम्ही तुमच्याकडे ह्या शांत रस्त्यासाठी आलो. हे वाक्य दहावीस वेळा ऐकले म्हणजे ज्या गोष्टीला ते आजवर केवळ अडचण समजत होते, तिच्यात आपल्याही गावचा काही लाभ आहे असा विचार तेथील मंडळी करू लागतील. तेव्हा पूल मागताना ते सायकलीची वाटही मागतील, आणि त्यांच्या मागण्याला आपल्या मागण्यापेक्षा अधिक वजन असेल.

खाड्यांनी आजवर हे काम फुकट केले. आता पूल होणार आणि ते व्हावेतच. पण राखणदार जाणार म्हटल्यावर राखण कोणी तरी अंगावर घेतली पाहिजे. पावसाळ्यापूर्वी पंधरावीस दिवस उरले आहेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी त्यांतले दोन दिवस काढून एकदा तो रस्ता डोळ्यांनी पाहून यावा. आम्ही सांगितले त्यापेक्षा तो रस्ता स्वतःच अधिक पटवून देईल.